दोन बाटल्यांची बातमी

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मुंबईहून दोघं जण आमच्या ऑफिसात आले. टीव्हीसाठी मालिका लिहीत होते, तालुक्याच्या गावातल्या एका वर्तमानपत्रावर. अंबाजोगाईला दोन दिवस मुक्काम, हातात वही, प्रश्नांची यादी तयार. त्यातली मुलगी आत आली, माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "संपादक कधी येतात?"

मी म्हटलं, "आल्यात. बसा, चहा सांगते."

बिचारी लाजली. मग तिनं विचारलं, "तुमच्या कामात नाट्य कुठं असतं?" त्यांच्या डोक्यात खणखणणारे फोन आणि ओरडणारा मुख्य संपादक होता. आमच्याकडे एक फोन, तोही बहुतेक वेळा "माझा अंक आला न्हाई" एवढंच सांगायला वाजायचा. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या जुन्या अंकांचे फोटो काढले आणि ते गेले. यंदा पाडव्याला मी निवृत्त झाले. ज्याला त्यांनी नाट्य म्हटलं असतं असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं, आणि ते ऑफिसात घडलंच नाही. ते इथं लिहिते.

आधी थोडं धंद्याविषयी. आमचं साप्ताहिक शुक्रवारी निघायचं. त्याला छापील नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडात नव्हतं. घाटनांदूरपासून धर्मापुरीपर्यंत सगळे त्याला 'शुक्रवारचा पेपर' म्हणत. मोठ्या दैनिकात खेड्याचं नाव यायचं तर तिथं खून पडावा लागतो. आमच्यात बंद पडलेला हातपंप चालू झाला तरी गावाचं नाव यायचं. बाजारभाव, शाळांचे निकाल, बदल्या, जाहीर नोटिसा, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि निधनवार्ता. सगळ्यात जास्त वाचलं जायचं ते निधनवार्तांचं पान. आमच्या चुकाही तिथंच पकडल्या जायच्या.

मी तिथं आले ती टाइप करायला. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणाऱ्या बाया तेव्हा गावात दोनच होत्या, आणि दुसरीचं लग्न ठरलं होतं. साप्ताहिक काढलं होतं आमच्या गुरुजींनी. शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक, हातात लाल पेन. माझ्या पहिल्याच पानावर त्यांनी इतक्या खुणा केल्या की पान गोवर उठल्यासारखं दिसत होतं. पुढं त्यांची दृष्टी अधू झाली तेव्हा त्यांनी ते पेन माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आता तू." नेमणूकपत्र वगैरे काही नाही. अशी मी संपादक झाले.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. काशिनाथराव नावाचे तहसिलातले निवृत्त कारकून होते. ते दर वर्षी दिवाळीनंतर स्वतःची निधनवार्ता घेऊन यायचे. सुवाच्य अक्षरात, नीट घडी घालून पाकिटात. जुनी परत मागायची, नवी द्यायची. नातवंडांची संख्या वाढली की नवी प्रत. मी म्हणायचे, "काका, अहो कशाला हे?" ते म्हणायचे, "पोरं घाईत काहीही लिहितील. मरताना तरी मजकूर बिनचूक पाहिजे." एका वर्षी त्यांनी 'प्रेमळ व मनमिळाऊ' हे शब्द खोडून आणले. म्हणाले, "हिला दाखवलं होतं. ती म्हणाली, खोटं कशाला छापता." ते गेले तेव्हा मी पाकीट उघडलं. शेवटच्या प्रतीत 'मनमिळाऊ'च्या जागी लिहिलं होतं, 'पत्नीच्या शब्दाबाहेर नसलेले'. तसंच छापलं. काकू अंकाच्या चार प्रती घेऊन गेल्या.

छापलेल्या शब्दाला माणसं किती मानतात, याचं मला नेहमी नवल वाटायचं. पण ते नवल खरं कळलं ते लिंबाजीमुळं.

लिंबाजी धर्मापुरीकडचा धनगर. पन्नाशी उलटलेला, उंच, वाळका, डोक्याला पागोटं. तो पहिल्यांदा ऑफिसात आला तो भांडायला. आम्ही बातमी दिली होती: 'लांडग्यांच्या हल्ल्यात पाच मेंढ्या ठार'. त्याला वाचता येत नव्हतं. चहाच्या हॉटेलात कुणीतरी वाचून दाखवली होती.

"बाई, ते लांडगं न्हाई. कुत्री व्हती. मोकाट कुत्री."

"तुमच्या मेंढ्या होत्या का?"

"माझ्या न्हाई. पर म्या जाऊन बघितलं. लांडगा नरडं धरतो. ह्या मेंढ्या मागून फाडल्याल्या. उगं लांडग्याचं नाव कावून खराब करता?"

लांडग्याच्या अब्रूसाठी दहा कोस चालत आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पुढच्या अंकात आम्ही खुलासा छापला. त्या दिवसापासून लिंबाजी आमचा वार्ताहर झाला. आमचे बाकीचे वार्ताहर म्हणजे किराणा दुकानदार, मास्तर, कुणाचा तरी भाचा. मोटरसायकलवर ठळक अक्षरांत 'प्रेस'. लिंबाजीकडे ना ओळखपत्र, ना मोटरसायकल. मुलीनं घेऊन दिलेला मोबाईल होता. त्यावर तो आवाज भरून पाठवायचा, मागं मेंढरांचा कालवा. बातमी सांगायच्या आधी तो एकच शब्द बोलायचा. 'पाहिलं', 'ऐकलं' किंवा 'वाटलं'. 'पाहिलं' म्हटलं की मी छापायचे. 'ऐकलं' म्हटलं की विचारायचे. 'वाटलं' हा शब्द तो वर्षातून एखाद्या वेळीच वापरायचा. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला हे शिकायला तीस वर्षं लागली. ह्यानं मेंढरांमागं शिकून घेतलं."

त्या वर्षी परतीचा पाऊस उशिरापर्यंत पडला. घाटनांदूरच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नुसती वाडी म्हणते. वाडीच्या डोक्यावर मातीच्या भरावाचा एक पाझर तलाव होता. कैक वर्षांनी तो काठोकाठ भरला होता. लोकांनी ओटी भरून, नारळ फोडून जलपूजन केलं, त्याचा फोटो आम्हीच छापला.

दसरा चार-पाच दिवसांवर आला होता. आमच्या धंद्यात तो सुगीचा आठवडा. शुभेच्छांच्या जाहिराती इतक्या असतात की बातम्या घुसवायला जागा राहत नाही. मंगळवारी दुपारी लिंबाजीचा आवाज आला: "बाई, पाहिलं. वाडीच्या तळ्याखाली पानी यायलंय..." मी तिथंच बंद केला. तळ्याखाली पाणी पाझरणं ही काय बातमी? हात जोडलेल्या फोटोंच्या रांगा लावण्यात मी गुंतले होते. आज इतक्या वर्षांनीही मला त्या मंगळवारची लाज वाटते. पुढचं वाक्य ऐकलं असतं तर एक दिवस वाचला असता.

बुधवारी सकाळी पाहिलं तर आणखी दोन आवाज आलेले. शेवटच्यात बराच वेळ नुसता वारा, मग लिंबाजी: "बाई, लांबून सांगून भागायचं न्हाई. तुमी या."

इतक्या वर्षांत त्यानं मला कधी 'या' म्हटलं नव्हतं. मी काळीपिवळी जीपमध्ये बसले. फाट्यावर तो उभाच होता.

त्यानं मला तळ्याच्या पाळीच्या, म्हणजे त्या मातीच्या भरावाच्या, पायथ्याशी नेलं. तिथं दगडांतून मनगटाएवढी धार वाहत होती, गढूळ. मग त्यानं पिशवीतून पाण्याच्या दोन बाटल्या काढल्या. पाणी प्यायच्या असतात त्या साध्या प्लॅस्टिकच्या.

"ही तळ्यातली. ही हितली. दोनी काल सकाळी भरल्या, तवापसून हलवल्या न्हाईत. बगा."

तळ्यातल्या बाटलीत पाणी नितळ होतं, तळाशी तांबूस गाळाची बारीक रेघ. दुसऱ्या बाटलीच्या तळाशी बोटभर काळा चिखल बसला होता.

"आठ दिस पाऊस न्हाई," तो म्हणाला. "वरचं पानी निवळलं. मंग खालचं गढूळ कावून? ही धार माझ्या माहितीत धा वर्स हाय. मेंढरं पेतात. काचंवानी पानी असायचं."

"पण मातीच आहे ना ही, लिंबाजी. पाण्याबरोबर येणारच."

तो खाली बसला. मूठभर माती उचलून माझ्यापुढं धरली. तांबडा मुरूम. "चौमेर हीच माती हाय. डोंगर तांबडा, वढा तांबडा, पाळ वरून तांबडी. काळी माती हाय कुटं? पाळीच्या पोटात. दुष्काळात ही पाळ बांधली तवा म्या हितं घमेली वाहिली. पोटात काळी माती भरायची आन् वरून मुरूम, असं सायेब सांगायचे. लांबच्या मळ्यातून आनलेली काळी माती. तीच ह्या बाटलीत हाय, बाई. पाळ आतून खाल्ली जायलीय."

मी त्या बाटलीकडं बघत राहिले. डोक्यावर लाखो घागरी पाणी तोलून धरलेली भिंत होती, वर गवत वाऱ्यानं डुलत होतं, आणि तिच्या पोटातली माती माझ्या हातातल्या बाटलीत होती. अंगावर काटा आला. भीतीनं आलाच, पण त्याहून जास्त त्या माणसाच्या नजरेनं आला.

"गावात सांगितलंत?"

"सांगितलं की. हसत्यात." त्याला कारण होतं. आदल्या वर्षी कुणीतरी मोबाईलवर 'तळं फुटलं' असा मेसेज फिरवला होता. पळापळीत एका म्हातारीचा पाय मोडला. तेव्हापासून वाडीत कुणी तळ्याचं नाव काढलं की लोक चेष्टा करायचे. "माझं कोन ऐकतंय? तुमी छापा. छापल्यालं ऐकत्यात."

मी बाटल्या मांडीवर घेऊन परत निघाले. काळीपिवळी गचके खात होती आणि मी तान्हं मूल धरावं तशा त्या धरल्या होत्या. थेट संबंधित खात्याच्या कार्यालयात गेले. साहेब रजेवर. एक तरुण अभियंता भेटला. त्यानं बाटल्यांकडं नीट पाहिलंही नाही. "मॅडम, त्याला पाझर तलावच म्हणतात. पाझरणारच. उन्हाळ्यात दुरुस्ती झालीय त्याची. अहवाल ओके आहे." तहसिलात गेले, तिथं म्हणाले लेखी द्या. लेखी दिलं, पोच घेतली.

ऑफिसात पोचते तोच फोन आला. आबांचा. त्या भागातलं बडं प्रस्थ. तळ्याची दुरुस्ती त्यांच्या पुतण्यानं केली होती, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. येत्या अंकाच्या पहिल्या पानावर अख्खी जाहिरातही आबांचीच होती.

"ताई, तुम्ही वाडीला गेलता म्हणे."

"गेले होते."

"सणासुदीला अशुभ काही छापू नका. तुम्हाला मी बहिणीच्या ठिकाणी मानतो."

आमच्या भागात बहीण मानल्यावर पुढचं वाक्य नीट ऐकावं लागतं. आबांनी फक्त पहिल्या पानावरच्या जाहिरातीची चौकशी केली. मला पुरेसं कळलं.

"आबा," मी म्हटलं, "बहीण आहे म्हणून विचारते. वाडीत जाऊन तुम्ही स्वतः पाहून येता का?"

त्यांनी फोन ठेवला.

दिवेलागणीला मी गुरुजींकडं गेले. नव्वदी जवळ आलेली, ऐकू कमी यायचं, दिसायचं त्याहून कमी. मी सगळं मोठ्यानं सांगितलं. ते म्हणाले, "बाटल्या?" मी हातात दिल्या. त्यांनी एकेक बाटली दिव्यासमोर धरली, डोळ्यांच्या अगदी जवळ. काळी बाटली त्यांनी बराच वेळ धरून ठेवली.

"तळं फुटणार, हे तू पाहिलंस का?"

"नाही."

"मग ते लिहू नकोस."

"गुरुजी, आणि फुटलं तर? माणसं आहेत खाली. लहान लेकरं आहेत."

"म्हणूनच सांगतो. भीती छापलीस तर लोक पळतील नाहीतर हसतील. मागच्या वर्षी दोन्ही करून झालंय. भीती छापू नकोस. बाटल्या छाप."

मी घरी न जाता तशीच ऑफिसात आले. आबांचा हात जोडलेला फोटो पहिल्या पानावरून उचलला. त्या जागी दोन बाटल्यांचा फोटो लावला, शेजारी शेजारी, हातभर उंच. खाली मजकूर दहा-बारा ओळींचा. तो मला अजून पाठ आहे. 'डावीकडील बाटलीत तलावातील पाणी आहे. उजवीकडील बाटलीत भरावाखालून येणारे पाणी आहे. दोन्ही एकाच सकाळी भरल्या. उजव्या बाटलीत काळी माती बसली आहे. तलाव बांधताना मजुरी केलेले लिंबाजी यांच्या सांगण्याप्रमाणे काळी माती फक्त भरावाच्या आत वापरली होती.' मग अभियंत्याचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. आणि शेवटची ओळ: 'ज्यांना शंका असेल त्यांनी दोन बाटल्या घेऊन स्वतः भरून पाहावे.'

विशेषण एकही नव्हतं. गुरुजींचं लाल पेन फिरवायला जागाच ठेवली नव्हती मी.

शुक्रवारचा पेपर त्या आठवड्यात गुरुवारी निघाला. छापखान्यातून ओला गठ्ठा घेऊन मी स्वतः वाडीला गेले. सरपंच होत्या कौसाबाई. साठीच्या, ठणठणीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वाचता येत नव्हतं. त्यांनी सुनेला बोलावलं, सुनेनं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभं राहून बातमी वाचली. माणसं जमली. कुणीतरी हसलं. "लिंबाजीचं तळं आता पेपरात आलं का?"

कौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी अंक हातात घेतला आणि बाटल्यांच्या फोटोवरून बोट फिरवलं.

"हे खरं-खोटं करायला काय लागतंय? दोन बाटल्याच ना?" त्या म्हणाल्या. "सूनबाई, घरातल्या घेऊन ये. ज्याला हसायचंय त्यानंबी आपापल्या आना."

अर्ध्या तासात बाया, गडी, म्हातारे, हातात बाटल्या घेऊन पाळीकडं निघाले. वर जाऊन एक भरायची, खाली येऊन एक भरायची. दुपारपर्यंत ग्रामपंचायतीचा ओटा बाटल्यांनी भरून गेला. दारूच्या, सरबताच्या, खोकल्याच्या औषधाच्या, तेलाच्या. प्रत्येक घराची जोडी. कौसाबाईंनी सांगितलं, कुणी हात लावायचा नाही. माती बसू द्यायची.

मी संध्याकाळी परत आले. शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीनं पुन्हा गेले. ओट्याभोवती सगळं गाव उभं होतं. ऊन बाटल्यांवर पडलं होतं. प्रत्येक जोडीतली एक नितळ. प्रत्येक जोडीतली दुसरी तळाशी काळी. एकही जोडी वेगळी नाही. काल हसलेला माणूस स्वतःच्या बाटलीसमोर उकिडवा बसला होता. हसण्याचं नाव नव्हतं.

तेवढ्यात मोटरसायकल आली. तोच तरुण अभियंता. पेपरात स्वतःचं वाक्य वाचून आला होता, बहुधा माझ्याशी भांडायलाच. तो ओट्याजवळ आला आणि थांबला. त्या रांगेकडं बघत राहिला. मग कुणाशी न बोलता पाळीकडं चालत गेला. मागं आम्ही. धार आता मांडीएवढी झाली होती. त्यानं बाह्या सारल्या, पाण्यात हात घातला, तळहातावर आलेली माती चोळली. मग ओल्या हातानंच उठला.

"खालची आळी रिकामी करा," तो म्हणाला. "आत्ता. गुरंढोरं सगळी." मग फोनवर कुणाला तरी तळ्याचं जादा पाणी काढून द्यायला सांडवा खोल करायचाय, जेसीबी पाठवा म्हणून अक्षरशः विनवायला लागला. फोन ठेवून लिंबाजीला शोधत आला. "काका, मी परवा..." लिंबाजी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब. त्या म्हातारीला धरा, तिला चालता येईना."

आणि त्या अभियंत्यानं आदल्या वर्षी पाय मोडलेल्या त्या म्हातारीला पाठुंगळी घेऊन टेकडीवरच्या शाळेपर्यंत नेलं.

गाव हलवणं सोपं नसतं. कुणाच्या चुलीवर भाकरी, कुणाची म्हैस व्यायला आलेली. कौसाबाई दारोदार फिरल्या. "बाटली बघितली न्हवं? मंग वाद कशाला?" एवढंच म्हणायच्या. दुपारी तीनपर्यंत खालची आळी शाळेच्या मैदानात होती, शेळ्या-कोंबड्यांसकट. जेसीबी आला, सांडव्याशी घरघरायला लागला. लिंबाजीनं चालवणाऱ्याला लांबूनच हात करून मशीन सोडून टेकडीवर बोलावून घेतलं. का, ते मी विचारलं. तो म्हणाला, "वाटलं."

चारच्या सुमाराला पाळीच्या मध्यावरचं गवत हललं. वारा नव्हता. मग पाळीची माथ्यावरची कड वाकली, कुणीतरी कमरेत वाकावं तशी. आणि एक आवाज आला. तो कानांनी ऐकला असं म्हणता येत नाही, पायांतून वर आला. भराव मधोमध उघडला आणि तळं उभंच्या उभं चालत निघालं. तांबडं, काळं, त्यात बाभळी, दगड. खालच्या आळीची घरं त्यानं आधी वेढली, मग उचलली. विजेचा खांब एकदम गवताच्या काडीसारखा आडवा झाला. ग्रामपंचायतीचा ओटा, त्यावरच्या सगळ्या बाटल्यांसह, क्षणात नाहीसा झाला. टेकडीवर शेकडो माणसं होती, एकही ओरडलं नाही. एका बाईनं नुसते हात जोडले. मीही जोडले. समोर जे चाललं होतं त्यापुढं दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

किती वेळ गेला कळलं नाही. पाणी ओसरायला लागलं तेव्हा कौसाबाई शाळेच्या पायरीवर चढल्या. हातात यादी नव्हती, असून उपयोगही नव्हता. त्यांना गाव पाठ होतं. खालच्या आळीतल्या वरच्या टोकाच्या घरापासून त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक घर, घरातलं एकेक माणूस.

"रुक्मिण?"

"हाय."

"सोपान? सोपानचं धाकलं?"

"हाय. हाय."

ज्या घराचं नाव त्या घेत होत्या ते घर खाली उरलेलं नव्हतं, आणि माणसं वर 'हाय' म्हणत होती. मध्येच एका नावाला उत्तर आलं नाही. "राणबा? राणबाऽ?" मग मागून त्याच्या सुनेचा आवाज: "झोपल्यात मामंजी, वऱ्हांड्यात. हाका ऐकू येत न्हाईत त्यांस्नी." त्या टेकडीवर पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले, आणि हसता हसता बरेच जण रडायला लागले.

पुढचं थोडक्यात. चौकशी लागली. आम्ही माहिती अधिकारात दोनदा अर्ज केले. उत्तर आलं, अतिवृष्टी हे कारण. पुतण्याचं काही वाकडं झालं नाही. ही बोच मनात आहे, तिला इलाज नाही. आबा तिसऱ्या दिवशी वाडीत आले, चिखलात उभे राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, माझा फोटो पहिल्या पानावरून काढलात ते बरं केलंत. नाहीतर खाली हे, अन् वर मी हसत उभा." मग वर्षभर त्यांनी आम्हाला जाहिरात दिली नाही. लिंबाजीचा सत्कार ठरला. तो आलाच नाही, त्या दिवशी मेंढरं पार डोंगरापलीकडं घेऊन गेला होता.

राहिला पुढचा अंक. बातमी लिहायला बसले. आमच्याकडं अपघाताच्या बातमीत शेवटी एक ओळ असते, 'जीवितहानी नाही'. हजार वेळा टाइप केली असेल, डोळे झाकून. त्या दिवशी मी तो मथळा केला, पानभर रुंदीचा. त्याच्याखाली काय लिहावं हे सुचेना. तेवढ्यात कौसाबाईंचा फोन आला.

"बाई, मोठं संकट आलं की पेपरात मेलेल्यांची नावं येत्यात न्हवं?"

"येतात."

"मंग आमची कावून न्हाई? आमी जितं हाव. खालच्या आळीची सगळी नावं छापा."

मी खुर्ची पुढं ओढली. त्या फोनवर सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. घरामागून घर, त्याच क्रमानं. म्हातारेकोतारे, सुना, शाळकरी मुलं, पाय मोडलेली म्हातारी, राणबा. पहिलं पान नावांनी भरलं. शेवटच्या घरापाशी त्या थांबल्या.

"एक लेकरू ऱ्हायलं. पोरगी हाय. बारसं व्हायचंय अजून, नाव न्हाई ठेवलं."

"मग काय लिहू, मावशी?"

पलीकडं कुठंतरी बारीक रडणं ऐकू येत होतं.

"लिवा," त्या म्हणाल्या, "तान्ही. हाय."